घरच्या वेल्डिंगला एमसीबी किती अँपिअरचा?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांच्या जोडीला ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे. ५०० मेगावॅटचे जनित्र पूर्ण भाराने चालते तेव्हा त्यातून साधारण २१ हजार व्होल्टला सोळा हजार अँपिअर प्रवाह निघतो. केंद्राच्या कुंपणाबाहेर फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वेल्हाळे ही गावे आहेत. तिथे संध्याकाळी कुणी अंगणात कूलरचे स्टँड जोडायला बसला, की त्याला भिंतीतल्या तारेतून वीसेक अँपिअर लागतात. सोळा हजार अँपिअरवर नजर ठेवायला केंद्रात रिले आहेत, कंट्रोल रूम आहे, तिन्ही पाळ्यांना माणसे आहेत. वीस अँपिअरवर नजर ठेवायला घरात काही शे रुपयांचा एक एमसीबी आहे, आणि तो किती अँपिअरचा असावा हे बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर अंदाजाने ठरते.

या भागात घरोघरी वेल्डिंग दिसते त्याला कारण आहे. केंद्रातल्या संचांचे ओव्हरहॉलिंग निघाले की ठेकेदारांना वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाले लागतात आणि आसपासच्या गावांतली कितीतरी मुले या कामातूनच तयार झाली. बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्याला भारतीय बॉयलर विनियमांनुसार परीक्षा द्यावी लागते, त्याच्या जोडाचा एक्स-रे निघतो. असा कसलेला हात सुट्टीच्या दिवशी घरचे गेट, शेजाऱ्याची खिडकीची जाळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा निखळलेला फाळका जोडून देतो. पूर्वी त्यासाठी दोन माणसांनी उचलायचे ट्रान्सफॉर्मरचे धूड लागे. आता खांद्याला अडकवून नेता येईल एवढे इन्व्हर्टर मशीन मिळते. फरक पडतो तो विजेच्या बाजूला. प्लांटमध्ये वेल्डिंगला ४१५ व्होल्टची थ्री फेज वीज, वेगळे पॅनेल, जाड केबल आणि परमिट असते. घरी तोच माणूस गीझरच्या किंवा मोटरीच्या प्लगात पिन खोचतो. जोड कसा करायचा हे त्याला पक्के ठाऊक असते; त्या जोडासाठी भिंतीतल्या तारेवर काय ओढवते हे त्याला कधी कुणी सांगितलेले नसते.

प्रश्न नेहमी एकाच शब्दांत येतो. ‘दोनशेचे मशीन घेतले, एमसीबी कितीचा टाकू?’

दोनशे हा आकडा रॉडच्या बाजूचा आहे. मशीन २३० व्होल्टची वीज घेते आणि रॉडच्या टोकाशी वीस-पंचवीस व्होल्टला, पण पुष्कळ अँपिअरने देते. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. त्यामुळे मशीनवर छापलेले २०० अँपिअर भिंतीतून कधीच येत नाहीत, आणि घरच्या कामात रॉडलाही ते लागत नाहीत. अडीच मिलिमीटरच्या, म्हणजे बाजारात बारा नंबर म्हणतात त्या रॉडला ६० ते ९० अँपिअर पुरतात. सव्वातीन मिलिमीटरच्या दहा नंबर रॉडला ९० ते १३०. चार मिलिमीटरच्या आठ नंबरला दीडशेच्या पुढे जावे लागते, पण गेट-जाळीच्या कामात तो रॉड निघतच नाही.

आता भिंतीकडून हिशोब करू. आर्क वेल्डिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानकात एक सोपे सूत्र आहे: रॉडच्या अँपिअरला ०.०४ ने गुणा, त्यात २० मिळवा, की कामाच्या वेळचे व्होल्ट मिळतात. दहा नंबरचा रॉड ११० अँपिअरवर चालवला तर २४.४ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार २,६८४ वॅट. मशीनची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३,२७० वॅट घ्यावे लागतील. याला २३० ने भागले तर १४ अँपिअर येतात आणि बरेच लोक इथेच थांबतात. पण स्वस्त इन्व्हर्टर मशीन वीज सरळ घेत नाही. विजेची लाट शिखराजवळ असतानाच ते घोट घेते, बाकी वेळ थांबते. त्यामुळे त्याचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास राहतो आणि तारेतून खरे अँपिअर २० च्या थोडे वर वाहतात. हाच हिशोब बारा नंबरच्या रॉडला ८० अँपिअरवर केला तर १४ अँपिअर येतात. आठ नंबरच्या रॉडला १६० अँपिअरवर केला तर ३२.

जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन असेल तर गणित निराळे. त्याचे रिकामे व्होल्ट ७० असतील तर रॉडला ११० अँपिअर देताना भिंतीतून ११० गुणिले ७० भागिले २३०, म्हणजे ३३ अँपिअर ओढले जातात. रॉड तोच, जोड तोच, भिंतीवरचा भार दीडपटीहून जास्त. वडिलांच्या वेळचे असे मशीन अजून कोठारात पडलेले असेल तर घरच्या सिंगल फेजवर ते चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मशीनच्या मागच्या पट्टीवर, ती प्रामाणिक असेल तर, हे सगळे लिहिलेलेच असते. तिथे दोन आकडे शोधायचे: भिंतीतून घेतला जाणारा सर्वांत मोठा प्रवाह आणि परिणामी प्रवाह. दुसरा पहिल्यापेक्षा लहान असतो, कारण वेल्डर सलग आर्क धरत नाही. दहा नंबरचा रॉड मिनिटभरात जळतो, मग हातोडीने स्लॅग झाडायचा, ब्रश मारायचा, पुढचा तुकडा बसवायचा, गुण्या लावून पाहायचा. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे आर्क चालतो त्याला ड्युटी सायकल म्हणतात. तारेचे तापणे प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने परिणामी प्रवाह काढताना ड्युटी सायकलचे वर्गमूळ घ्यावे लागते. दहातली चार मिनिटे आर्क असेल तर २० अँपिअर तारेला सरासरीने १३ अँपिअरएवढेच तापवतात. पट्टीवर असे आकडेच नसतील आणि पुढच्या बाजूला मात्र मोठ्या अक्षरात २५० किंवा ४०० लिहिलेले असेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. अशा मशीनसाठी वर केला तसा रॉडवरून हिशोब करणेच शहाणपणाचे.

अँपिअर कळले, म्हणजे एमसीबी कळला असे मात्र नाही. त्यासाठी एमसीबीच्या पोटात काय चालते ते पाहावे लागते. हे यंत्र आज आपण गृहीत धरतो, पण त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आत दोन पहारेकरी आहेत. एक म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी. प्रवाहाने ती तापते, दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. ती सावकाश काम करते. मानकानुसार एमसीबीवरच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट वाहिला तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो पडेल किंवा नाही पडणार. दोन्ही नियमात बसते. दुसरा पहारेकरी तांब्याच्या तारेचे वेटोळे. शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह अनेक पटींनी उसळला की ते चुंबक होऊन सेकंदाच्या शंभराव्या भागात खटका खेचते.

खटका सुटल्यावर संपर्क दूर होतात आणि त्यांच्यात ठिणगी ताणली जाते. ही ठिणगी म्हणजे आर्कच. रॉडच्या टोकाशी वेल्डर जो आर्क जपून धरून ठेवतो, तोच एमसीबीच्या पोटात क्षणात मारावा लागतो. त्यासाठी आत पातळ पत्र्यांची एक रांग असते. चुंबकीय बलाने आर्क तिच्यात ढकलला जातो, त्याचे तुकडे होतात आणि तो विझतो. एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो, तो किती अँपिअरचा शॉर्ट सर्किट हे यंत्र न फुटता तोडू शकेल त्याचा आहे. घर ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ असेल तर दहा हजाराचा घ्यावा.

वेटोळे किती पटीला जागे होते त्यावरून बी, सी, डी अशा जाती पडतात. बी तीन ते पाच पटींना, सी पाच ते दहा पटींना, डी दहा ते वीस पटींना तुटतो. इन्व्हर्टर मशीन चालू करताच त्यातले कपॅसिटर रिकाम्या पोटी प्रवाह ओढतात, क्षणभरच, पण बी जातीला तेवढेही शॉर्ट सर्किट वाटते. स्विच टाकताक्षणी एमसीबी पडतो आणि रॉड लावल्यावर कधीच पडत नाही, असे होत असेल तर हीच जातीची गडबड असते. इलाज सी जातीचा त्याच आकड्याचा एमसीबी. काही दुकानदार याला थेट डी देतात, म्हणजे तक्रार परत येणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला डी लागतो हे खरे. पण ३२ अँपिअरचा डी तत्काळ तुटायची खात्री धरायची तर ६४० अँपिअर वाहायला हवेत, आणि खांबापासून लांब, बारीक सर्व्हिस वायरवर असलेल्या घरात शॉर्ट सर्किट होऊनही तेवढे अँपिअर येतीलच असे नाही. मग वेटोळे झोपून राहते आणि तार तापत राहते. इन्व्हर्टर मशीनला डी देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. एमसीबी कुणाचे रक्षण करतो? मशीनचे नाही. मशीनला स्वतःचे थर्मल कटआउट असते, ते तापले की पिवळा दिवा लावून थांबते. एमसीबी रक्षण करतो भिंतीतल्या तारेचे, म्हणजे त्या तारेभोवतीच्या घराचे. म्हणून आधी तार ठरवायची आणि मग तिला झेपेल त्याहून मोठा आकडा एमसीबीला द्यायचा नाही. मशीन लावल्यावर १६ चा एमसीबी पडू लागला म्हणून त्या जागी ३२ किंवा ४० चा बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तारेचे तीन पदर पिळून घालणारे आणि हे काम करणारे यांच्यात काही फरक नाही. एमसीबी पडायचा थांबतो, आणि दिव्यांच्या-पंख्यांच्या हिशोबाने ओढलेली तार भिंतीत नकळत भाजत राहते.

तारेला किती झेपते? भिंतीतल्या पाइपातून नेलेल्या पीव्हीसीच्या तांब्याच्या तारेला, भोवती ३० अंश सेल्सिअस असताना, अडीच स्क्वेअर मिलिमीटरला २४ अँपिअर, चारला ३२ आणि सहाला ४१, हे आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे आहेत. इथे खानदेशाने थांबायला हवे. तीस अंश! भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीच्या स्लॅबमधला पाइप हवेपेक्षाही तापलेला असतो. तारेभोवती आधीच उष्णता असली की तिला स्वतःची उष्णता बाहेर टाकता येत नाही. ४५ अंशांना पीव्हीसी तारेची क्षमता ७९ टक्क्यांवर येते. अडीचची तार १९ अँपिअरवर, चारची २५ वर, सहाची ३२ वर. पन्नास अंशांना ती ७१ टक्केच उरते.

एमसीबीलाही हाच उन्हाळा लागतो. त्याची दोन धातूंची पट्टी ३० अंशांना जुळवलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत दुपारी पन्नास अंश झाले की ती आधीच थोडी वाकलेली असते आणि १६ चा एमसीबी साधारण १४ चा असल्यासारखा वागतो. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो, पण दहा-बारा टक्के घट धरून चालावे. आता दहा नंबरच्या रॉडचे २० अँपिअर आठवा. सोळाच्या हिशोबाने ते सव्वापट होतात, म्हणजे पडेल-न-पडेल या मधल्या पट्ट्यात. चौदाच्या हिशोबाने ते जवळपास १.४५ पट होतात, म्हणजे रॉडमागून रॉड जाळत राहिले तर पडण्याचीच शक्यता जास्त. डिसेंबरात बिनतक्रार चाललेली जोडणी मे महिन्यात दर काही रॉडांना पडते, त्याचे कारण एवढेच. मशीन बिघडलेले नसते, एमसीबीही खराब झालेला नसतो. त्यात घरातले दोन कूलर त्याच सर्किटवर असतील तर विचारायलाच नको. वेल्डिंग मशीनची ड्युटी सायकलही ४० अंशांच्या हवेत मोजलेली असते. त्याहून तापलेल्या अंगणात पट्टीवर लिहिलेली मिनिटे मिळत नाहीत. या दिवसांत पहाटे किंवा सूर्य कलल्यावर वेल्डिंग करणारे जुने मिस्त्री मशीनचे आणि तारेचेही आयुष्य वाढवतात.

तर आकडा कोणता? माझा सल्ला असा. बारा आणि दहा नंबरचे रॉड चालवणाऱ्या इन्व्हर्टर मशीनसाठी मेन बोर्डापासून एक स्वतंत्र लाइन ओढावी, त्यावर दुसरे काही जोडू नये. तार सहा स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची, आयएसआय मार्क असलेली. अर्थिंगची तारही तेवढीच जाड. वर २५ अँपिअरचा, सी जातीचा, डबल पोल एमसीबी. २५ अँपिअर हे या तारेला मे महिन्यातही आरामात झेपतात, आणि पेटी तापून एमसीबी २२ सारखा वागला तरी २० चे काम अडत नाही. चारची तार ४५ अंशांना बरोबर २५ वर येऊन टेकते, तिथे शिल्लक काहीच राहत नाही. चारचीच तार असेल तर एमसीबी २० चा ठेवावा आणि बारा नंबरच्या रॉडवर समाधान मानावे. सहाच्या तारेवर ३२ चा एमसीबी ४५ अंशांना कागदावर जेमतेम बसतो. तो फक्त मशीनच्या पट्टीने मागितला तर आणि तार उन्हातल्या स्लॅबमधून न जाता सावलीतून आणि थोडेच अंतर जात असेल तरच द्यावा. आठ नंबरचा रॉड रोज चालवायचा असेल तर थ्री फेज घ्यावे.

डबल पोल एवढ्यासाठी, की खांबावर वादळानंतर दुरुस्ती झाली की फेज आणि न्यूट्रल कधीकधी अदलाबदल होऊन येतात. सिंगल पोल एमसीबी तेव्हा न्यूट्रल तोडतो आणि मशीनमध्ये वीज तशीच राहते.

एवढे करून शेवटी मशीन सोळा अँपिअरच्या घरगुती प्लगात खोचले तर सगळे फुकट. २५ च्या एमसीबीखाली सोळाचा सॉकेट हा साखळीतला कच्चा दुवा होतो. त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल पडतात, काळ्या पडतात आणि प्लास्टिक वितळायला लागते. त्याऐवजी ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवावा. मशीनसोबत आलेली पिन कापून दुसरी लावताना स्क्रूखाली तारेचे मोकळे केस न दाबता थिंबल लावावे. तसे एमसीबीचे स्क्रूही नीट आवळलेले हवेत. सैल स्क्रूपाशी निर्माण होणारी उष्णता पट्टीला भार वाटते आणि योग्य आकड्याचा एमसीबीही विनाकारण पडू लागतो. गावाकडे ‘एमसीबी हलका निघाला’ म्हणून फेकले जाणारे कितीतरी एमसीबी केवळ स्क्रूच्या चुकीने बदनाम झालेले असतात.

एक्स्टेंशनबद्दलही सांगितले पाहिजे, कारण गेट नेहमी बोर्डापासून लांबच असते. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तीस मीटर एक्स्टेंशनचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८ ओहम. वीस अँपिअरला त्यात सोळा व्होल्ट गळतात आणि ३२० वॅट उष्णता होते. वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवली तर ही उष्णता आतल्या वेढ्यांतच साचते आणि इन्सुलेशन एकमेकांना चिकटते. शिवाय इन्व्हर्टर मशीनची एक सवय आहे: त्याला रॉडशी ठरलेली शक्ती द्यायचीच असते, म्हणून व्होल्ट कमी मिळाले की ते जास्त अँपिअर ओढते. संध्याकाळी गावात वीज १९० व्होल्टवर आली की वीसचे जवळपास पंचवीस अँपिअर होतात. एक्स्टेंशन वापरायचेच तर चार स्क्वेअरची लवचीक केबल, पूर्ण उलगडून. मग वीस-पंचवीस अँपिअरची बाजू लांबवून मशीन कामाजवळ न्यावे की ती आखूड ठेवून रॉडची केबल लांबवावी, असा प्रश्न येतो. घरच्या कामात मशीनच जवळ न्यावे. शंभर अँपिअर लांबवर नेणारी केबल याहून महाग पडते.

आता जिवाचा प्रश्न. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. मशीनच्या आत फेज सुटून पत्र्याच्या कव्हरला लागला तर प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जाईल आणि एमसीबी पडेल, असे आपण धरून चालतो. आकडे वेगळे सांगतात. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध पाच ओहम धरू, आणि मे महिन्यात तडे गेलेल्या काळ्या जमिनीत, खड्ड्यात महिनोन्‌महिने पाणी घातलेले नसताना, हा अंदाज उदारच आहे. २३० भागिले पाच म्हणजे ४६ अँपिअर. २५ च्या सी जातीच्या वेटोळ्याला खात्रीने जागे व्हायला २५० लागतात. म्हणजे काम पुन्हा सावकाश वाकणाऱ्या पट्टीवर येते आणि तोवर मशीनचे कव्हर जिवंत असते. समोरचा माणूस घामाने भिजलेला, अनेकदा अनवाणी. यावर उपाय एकच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो तोलून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत लाइन तोडतो. त्याचा अँपिअरचा आकडा एमसीबीपेक्षा मोठा असावा, इथे ४० चा घ्यावा. जात ‘ए’ मागावी. इन्व्हर्टर मशीनमधून गळणारा प्रवाह एकाच दिशेच्या धक्क्यांचाही असू शकतो आणि साधी ‘एसी’ जात अशा वेळी दगा देऊ शकते.

इथेच आणखी एक धोका आहे. कामाला लावायच्या क्लॅम्पच्या केबलला सगळे ‘अर्थ’ म्हणतात, पण तिचा जमिनीच्या अर्थिंगशी काही संबंध नाही. रॉडमधून गेलेले शंभर अँपिअर मशीनकडे परत आणणारी ती वाट आहे. क्लॅम्प गंजलेल्या पट्टीला सैल लावला किंवा आळस करून घराच्या दुसऱ्याच लोखंडाला अडकवला, तर हे शंभर अँपिअर परतीसाठी मिळेल ती वाट धरतात. ती वाट कधी घरातल्या बारीक अर्थिंगच्या तारेतून जाते आणि तार भिंतीत जळून तुटते. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण हा प्रवाह त्याच्यातून वाहतच नाही. त्यानंतर फ्रिज, कूलर, मिक्सर सगळेच अर्थिंगविना चालत राहतात. म्हणून जिथे जोड, तिथेच वितभर अंतरावर, घासून चकाकवलेल्या लोखंडाला क्लॅम्प लावायचा.

राहिले मीटर. सिंगल फेज मीटरच्या तोंडावर ५-३० किंवा १०-६० असे छापलेले असते. दुसरा आकडा त्या मीटरची कमाल मर्यादा. तीसच्या मीटरवर वेल्डिंगचे वीस, कूलर, मोटर आणि फ्रिज एकदम चालवले तर मर्यादा ओलांडली जाते, म्हणून रॉड लावण्याआधी मोटर बंद करावी. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. तो एक किंवा दोन असेल तर नवी लाइन ओढण्याआधी भार वाढवून घ्यावा, त्याचा अर्ज किचकट नाही. घरचे गेट जोडणे ही घरगुती वापराचीच गोष्ट, पण गिऱ्हाइकाची कामे रोज येऊ लागली की घरगुती जोडणीवर ती करणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसे ठरले तर आकारणी दुपटीने होते. शेजाऱ्यांचे दिवे प्रत्येक रॉडला मिचमिचत असतील तर थ्री फेजची वेळ झाली असे समजावे. ते मिचमिचणे म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारेतले व्होल्ट आपण खाली ओढत असल्याची खूण.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि करून झाल्यावर तो जायच्या आत एक परीक्षा घ्यावी. आधी आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबायचे. लाइन पडली पाहिजे. मग दहा नंबरचे रॉड नेहमीच्या गतीने अर्धा तास जाळायचे. त्यानंतर मेन स्विच बंद करून पेटी उघडायची आणि एमसीबीच्या स्क्रूजवळची तार, सॉकेटची मागची बाजू, प्लगची पिन यांना हाताची पाठ लावून पाहायची. कोमट लागली तर ठीक. चटका बसत असेल तर एमसीबीला हात न लावता, जिथे चटका बसला त्या जागेचा जोड पुन्हा करायचा.